मानसिक आरोग्यसेवा, नागरी (महाराष्ट्रातील)

शहरातील एकेका रुग्णाचा सुटा विचार न करता त्या शहराचा संपूर्ण लोकसमूह हेच आरोग्याचे एकक मानून मनोविकारांचा प्रतिबंध, लवकर निदान, उपचार, पुनर्वसन व मानसिक स्वास्थ्याचे संवर्धन यांसाठी केलेल्या व्यवस्थेस लोकसमूहलक्षी नागरी मानसिक आरोग्यसेवा म्हणतात. रुग्णालयाच्या दाराशी येऊन पोहोचणारा रुग्ण हा जुन्या व्यवस्थेचा आरंभबिंदू होता. जो त्या दारापर्यंत कधीच पोहोचत नाही, तो या व्यवस्थेचा आरंभबिंदू होय. महाराष्ट्रात पहिल्या व्यवस्थेकडून दुसरीकडे होत असलेले संक्रमण सु. दोन शतकांचे असून ते अद्याप पूर्ण झालेले नाही.

संकल्पना : ब्रिटिश साथरोगशास्त्रज्ञ जेफ्री रोझ (१९२६–९३) यांनी १९८५ मध्ये एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. एखाद्या व्यक्तीला रोग का झाला आणि एखाद्या लोकसमूहात त्या रोगाचे प्रमाण अधिक का आहे, हे दोन भिन्न प्रश्न असून त्यांची उत्तरेही भिन्न असतात. हिवतापाच्या रुग्णास कोयनेल देणे हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर; डबकी बुजवून डासांची पैदास रोखणे हे दुसऱ्याचे. मनोविकारांच्या बाबतीतही औषधोपचार व मानसोपचार यांची आवश्यकता कायम राहते. तथापि निवारा, रोजगार, पाणी, स्वच्छता, कौटुंबिक हिंसा, व्यसने व एकाकीपणा यांचा विचार केल्यावाचून लोकसमूहातील विकारांचे प्रमाण घटत नाही.

शहर व मनोविकार यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत सुरू झाला. रॉबर्ट फॅरिस व एच्. वॉरन डनहॅम यांनी शिकागो शहरातील रुग्णालयांत दाखल झालेल्यांचे पत्ते नकाशावर मांडून १९३९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया) रुग्णांचे प्रमाण शहराच्या मध्यवर्ती, दरिद्री व अस्थिर वस्तीत सर्वाधिक होते आणि परिघाकडे ते उतरत जाई. उन्माद–अवसाद विकृतीच्या बाबतीत मात्र असा क्रम आढळला नाही. दारिद्र्यामुळे विकार जडतो की विकारामुळे माणूस दारिद्र्याकडे ढकलला जातो, हा वाद तेव्हापासून चालू आहे. दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी चालतात, असे आज सामान्यतः मानले जाते.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात मनोविकारग्रस्ताची जबाबदारी परंपरेने कुटुंबावर व गावावर असे. अंगात येणे, बाधा होणे, करणी अशा कल्पनांनी विकाराचा अर्थ लावला जाई व देवऋषी, वैद्य, मंदिर, मठ किंवा दर्गा यांचा आश्रय घेतला जाई. महानुभाव पंथाची काही मंदिरे या दृष्टीने प्रसिद्ध आहेत. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ व्हीडा स्कल्टन्स यांनी अशा एका मंदिराच्या अभ्यासावरील लेख १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णासोबत कुटुंबीय, विशेषतः स्त्रिया, दीर्घकाळ मुक्काम करीत आणि घरातील पुरुषाच्या आजाराचा भार प्रत्यक्षात स्त्रीच वाहत असे, हे त्यांचे निरीक्षण आजच्या सेवायोजनेसही मार्गदर्शक आहे. या परंपरेत निवारा व सहवास मिळे. तसेच साखळदंड, मारहाण व उपासमारही आढळे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळीने बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले, तेव्हा या दुसऱ्या बाजूची देशास तीव्र जाणीव झाली. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बाधा उतरविण्याच्या नावाखाली होणारे अमानुष प्रकार दंडनीय ठरविले.

आश्रम व कायदा : मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या काळी १७४५ च्या सुमारास वेड्यांसाठी पहिली व्यवस्था झाली. कुलाबा येथील आश्रम १८२६ मध्ये सुरू झाला. १८५८ च्या कायद्याने अशा आश्रमांना निश्चित चौकट दिली. रस्त्यावर भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा पोलिसांनी पकडावा, दंडाधिकाऱ्यापुढे उभा करावा आणि दंडाधिकाऱ्याने वैद्यकीय दाखला घेऊन त्यास आश्रमात पाठवावे, अशी ती पद्धती होती. या पद्धतीत आजारापेक्षा सार्वजनिक शांततेची चिंता अधिक होती. नागपूर येथे १८६४ मध्ये व रत्नागिरी येथे १८८६ मध्ये आश्रम निघाले. मुंबई इलाख्यात याखेरीज पुणे, धारवाड, अहमदाबाद व सिंधमधील हैदराबाद येथेही आश्रम होते. ठाणे येथील नौपाड्यातील आश्रम १९०१ मध्ये शेठ नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून उभा राहिला, तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पुण्याजवळ येरवडा येथे मोठ्या मध्यवर्ती संस्थेची उभारणी झाली. १९१२ च्या कायद्याने जुन्या तरतुदी एकत्रित केल्या आणि १९२०–२२ च्या सुमारास ‘आश्रम’ हे नाव जाऊन ‘मनोरुग्णालय’ हे नाव रूढ झाले. नाव बदलले तरी उंच भिंती, कुलुपे व दंडाधिकाऱ्याचा हुकूम या गोष्टी दीर्घकाळ तशाच राहिल्या.

गणनेचे प्रयत्न : लोकसमूहाचा विचार करावयाचा तर प्रथम मोजणी हवी. १८८१ ते १९३१ या काळातील जनगणनांत आंधळे, मुकेबहिरे व महारोगी यांच्याबरोबर वेड्यांचीही नोंद घेतली जाई. प्रगणकाच्या प्रश्नाला कुटुंबाने दिलेले उत्तर हाच तिचा आधार असल्याने लपवाछपवी मोठी होती; विशेषतः विवाहयोग्य मुलींच्या बाबतीत खरे उत्तर मिळणे कठीण असे. १९३१ नंतर ही नोंद बंद पडली.

दुसरा उद्बोधक प्रयत्न १८९३–९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगाचा. गांजाच्या सेवनामुळे आश्रम भरतात, असा समज सरकारी वर्तुळात दृढ होता व आश्रमांच्या वार्षिक अहवालांतील आकडेही तेच सांगत. आयोगाने १८९२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील आश्रमांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. रुग्णास आणणाऱ्या पोलिसाने वा दंडाधिकाऱ्याने पुरेशी चौकशी न करता ‘गांजा’ हे कारण लिहावे व आश्रमाने ते तसेच नोंदवहीत उतरवावे, असे अनेक ठिकाणी घडले होते. पुनर्तपासणीनंतर केवळ ९८ रुग्णांचा (७·३ टक्के) भांग-गांजाशी संबंध मानता आला व त्यांपैकी ६१ जणांच्या बाबतीत तेवढे एकच कारण आढळले. रुग्णालयातील नोंद ही समाजाचे प्रतिबिंब नसून नोंद करणाऱ्या यंत्रणेचेही प्रतिबिंब असते, हा धडा भारतातील मानसिक आरोग्याच्या आकडेवारीस तेव्हाच मिळाला होता. तो पुढे विसरला गेला.

सामान्य रुग्णालयातील विभाग : मनोविकारतज्ञ भिंतींच्या बाहेर येण्याची सुरुवात शहरांत झाली. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी १९३८ मध्ये सामान्य रुग्णालयात मनोविकार विभाग सुरू केला. मुंबईच्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने (आजची टाटा समाजविज्ञान संस्था) १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र काढले. पुढे के. ई. एम्. रुग्णालयात डॉ. एन्. एस्. वाहिया यांनी पातंजल योगाच्या आधारे एक उपचारपद्धती विकसित केली. ताप किंवा खोकला यांसाठी ज्या दाराने आत जावयाचे त्याच दाराने मनोविकाराचा रुग्णही जाऊ लागला. त्यामुळे कलंकाची भावना काही अंशी कमी झाली व नातेवाईक रुग्णाजवळ राहू शकले. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाचा उपयोग सिद्ध झाल्यावर तीव्र विकाराचा रुग्णही घरी राहून उपचार घेऊ शकेल, अशी शक्यता निर्माण झाली. अमृतसर येथे डॉ. विद्यासागर यांनी १९५०–६० या दशकात रुग्णांसोबत त्यांच्या कुटुंबीयांना रुग्णालयाच्या आवारात राहावयास देऊन कुटुंबच उपचारात सहभागी होऊ शकते, हे दाखवून दिले.

स्वातंत्र्योत्तर स्थिती : भोर समितीच्या अहवालानुसार (१९४६) देशातील मनोरुग्णालयांत सु. १०,००० खाटा, म्हणजे दर ४०,००० लोकसंख्येमागे एक खाट होती. इंग्लंडमध्ये हे प्रमाण दर ३०० लोकांमागे एक होते. दर हजारी दोन रुग्ण असे किमान प्रमाण धरले, तरी देशात ८ लक्ष रुग्ण असावेत, असा समितीचा अंदाज होता. या गणिताचा अर्थ स्पष्ट होता : खाटा वाढवून हा प्रश्न सुटणारा नव्हता. तरीही पुढील काही दशके नियोजन खाटांभोवतीच फिरत राहिले. महाराष्ट्रात येरवडा (२,५४० खाटा), ठाणे (१,८५०), नागपूर (९४०) व रत्नागिरी (३६५) ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये मिळून ५,६९५ मंजूर खाटांची व्यवस्था उभी राहिली. देशातील इतर राज्यांच्या मानाने ही संख्या मोठी आहे. परंतु नेमक्या याच कारणाने राज्याचा मनुष्यबळाचा व निधीचा मोठा भाग या चार आवारांत गुंतून पडला.

या आवारांतील सर्वांत अवघड प्रश्न बऱ्या झालेल्या रुग्णांचा आहे. दाखल करताना दिलेला पत्ता पुढे सापडत नाही, आईवडील निवर्ततात, भावंडे जबाबदारी नाकारतात आणि लक्षणे शमलेली व्यक्ती वर्षानुवर्षे प्रभागातच राहते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९९ च्या अहवालात देशभरच्या मनोरुग्णालयांतील उणिवांवर बोट ठेवले. तत्पूर्वी १९९३ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने गुन्हेगार नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर ठरविले होते. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने, बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहात वा वृद्धाश्रमात हलविण्याची महाराष्ट्रातील पद्धत थांबविण्याचा आदेश दिला. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, हे त्यामागील सूत्र होते.

राष्ट्रीय कार्यक्रम व शहरे : चंडीगढनजीकच्या रायपूर राणी येथे १९७५ मध्ये आणि बंगलोरनजीकच्या सकलवाड येथे १९७६ मध्ये प्राथमिक आरोग्यसेवेत मानसिक आरोग्याचा अंतर्भाव करण्याचे प्रयोग झाले. त्यांच्या आधारे ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकृत झाला, बेळ्ळारी जिल्ह्यात १९८५–९० या काळात त्याचा नमुना सिद्ध झाला व १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. हे सर्व प्रयोग ग्रामीण होते. देशातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहत असल्याने ते योग्यच होते; मात्र त्यातून शहरांना वैद्यकीय महाविद्यालये व खाजगी तज्ञ आहेत, तेव्हा तेथील प्रश्न सुटलेला आहे, असे एक गृहीतक नकळत रूढ झाले.

महाराष्ट्राच्या बाबतीत हे गृहीतक विशेष चुकीचे ठरले. राज्यातील नागरी लोकसंख्येचे प्रमाण १९८१ मध्ये ३५ टक्के होते, ते २०११ मध्ये ४५·२ टक्के झाले. बृहन्मुंबईत २०११ मध्ये सु. ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. ग्रामीण भागात उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय अशी उतरंड असते. शहरात मात्र महानगरपालिकेचा दवाखाना, शासकीय रुग्णालय, धर्मादाय संस्था व खाजगी वैद्यक यांचा परस्परांशी मेळ नसतो. परिणामी अमुक वस्तीतील लोकांच्या मानसिक आरोग्याची जबाबदारी नेमकी कोणाची, या प्रश्नाला शहरात उत्तर मिळत नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ मध्ये मंजूर झाले, तेव्हा प्रथमच शहरातील वस्ती हे सेवेचे एकक मानले गेले.

बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१५–१६ मध्ये बारा राज्यांत सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढांपैकी १०·६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता आणि विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. छिन्नमानस, भावविकार व ताणजन्य विकार यांचे प्रमाण मोठ्या महानगरांत इतर भागांच्या मानाने दोन ते तीन पट होते. या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. दुसऱ्या बाजूने २०११ च्या जनगणनेत संपूर्ण देशात मानसिक आजारामुळे अपंगत्व आलेल्यांची संख्या अवघी सु. ७·२ लक्ष भरली. जनगणना केवळ अपंगत्व मोजते व सर्वेक्षण सर्व विकार मोजते, हे लक्षात घेतले तरी दोहोंमधील अंतर इतके मोठे आहे की घरोघरी दिल्या जाणाऱ्या उत्तरांत लपविण्याची जुनी प्रवृत्ती टिकून असावी, असे म्हणावे लागते.

वस्तीपातळीवरील सेवा : शासकीय यंत्रणेच्या बरोबरीने, काही वेळा तिच्या आधी, स्वयंसेवी संस्थांनी वस्तीत काम सुरू केले. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. सुनंदा (अनिता) अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची स्थापना केली; पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांचे अर्थसाहाय्य त्यास लाभले. येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातच सुरू झालेल्या या केंद्राने व्यसनाधीन व्यक्तीस वेडा किंवा गुन्हेगार न मानता रुग्ण मानले, हे त्याचे वैशिष्ट्य. ठाणे येथे १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी व सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्य संस्था स्थापन केली. शाळा, पालक व तरुण यांच्यापर्यंत पोहोचून प्रतिबंधात्मक कामावर तिने भर दिला. छिन्नमानस रुग्णांच्या कुटुंबीयांना एकत्र आणणारी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था पुण्यात निघाली. भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या बापू ट्रस्टने ‘सेहेर’ या उपक्रमाद्वारे अल्प उत्पन्न गटातील वस्त्यांत काम केले. वस्तीतीलच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाणे, समुपदेशन, पोषण, शासकीय योजनांचा लाभ व शेजाऱ्यांचा आधार यांची सांगड घालणे, ही त्याची पद्धती होय. रस्त्यावरील निराधार मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या गावी पोहोचविण्याचे काम डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठानाने कर्जत येथून केले. त्याबद्दल वाटवानी यांना २०१८ चा मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

मुंबईत डॉ. शुभांगी पारकर व सहकाऱ्यांनी मालाडजवळील मालवणी या वस्तीत केलेला अभ्यास (२००३) लोकसमूहलक्षी विचाराचे उत्तम उदाहरण आहे. मनावरील ताण कशाने येतो, असे विचारता रहिवाशांनी शौचालयांचा अभाव, पाणी, घाण, बेकारी, दारू व घरातील हिंसा यांचा उल्लेख केला. स्त्रिया व पुरुष यांच्या उत्तरांत भेद होता. शौचालय बांधणे हे मानसिक आरोग्याचे काम मानावे काय, या प्रश्नाला रुग्णालयातून नकारार्थी उत्तर मिळेल. वस्तीतून ते होकारार्थी मिळते.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली अशा सेवेची शास्त्रीय कसोटी घेतली. ‘मानस’ या नावाने झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २४ आरोग्य केंद्रे व खाजगी दवाखाने यांतून अवसाद व चिंताविकृतीच्या रुग्णांना अल्प प्रशिक्षित समुपदेशकांकरवी साहाय्य देण्यात आले. शासकीय केंद्रांत सहा महिन्यांनी बरे होणाऱ्यांचे प्रमाण ६५·९ टक्के होते. नेहमीची सेवा देणाऱ्या केंद्रांत ते ४२·५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत असा फरक आढळला नाही. देशात दर लक्ष लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ञ नसताना, तज्ञांवाचूनही सेवेचा मोठा भाग पार पाडता येतो हे या प्रयोगाने दाखविले.

नगर व ग्राम यांचा संबंध : महाराष्ट्रात शहराची मानसिक आरोग्यसेवा केवळ शहरवासीयांची राहत नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे इंदापूर व बारामती हे तालुके याचे उदाहरण म्हणून घेता येतील. बारामती–इंदापूर परिसरातील अंथुर्णे यांसारख्या गावाहून पुण्याचे मनोरुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. उसाच्या पट्ट्यातील शेतकरी किंवा मजूर कुटुंबास रुग्णाला तेथे नेणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी, एसटीचे भाडे व सोबतीस दुसरा माणूस, एवढा खर्च. औषध दर महिन्याला आणावयाचे असते. दोन-तीन खेपांनंतर ते बंद पडते, लक्षणे उलटतात व पुढील खेप बहुधा रुग्ण आवरेनासा झाल्यावरच होते. रुग्णालयाच्या नोंदीत अशी व्यक्ती ‘पुन्हा दाखल’ म्हणून येते. औषध का थांबले हे त्या नोंदीत येत नाही. याच गावांतून शिक्षण व नोकरीसाठी पुणे व पिंपरी-चिंचवडकडे गेलेले तरुण खोलीभाडे, अनिश्चित रोजगार व एकटेपणा यांना तोंड देतात, तर त्यांचे वृद्ध आईवडील गावी एकटे राहतात. शहरातील व गावातील विकार अशा रीतीने एकाच स्थलांतराची दोन टोके ठरतात. बारामती येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने तज्ञसेवा या तालुक्यांच्या जवळ आली. मध्यम शहरांतील अशा संस्था आसपासच्या गावांशी नियमित संपर्क ठेवतील, तरच या जवळिकीचा उपयोग होईल.

नवा कायदा : १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने (अंमल १९९३ पासून) १९१२ चा कायदा रद्द झाला, परंतु त्याचाही मुख्य विषय रुग्णालयातील प्रवेश व मुक्तता हाच होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरण जाहीर झाले आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या मसुद्याच्या कामात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे यांचा सहभाग होता. शासनाने चालविलेली वा अर्थसाहाय्य दिलेली सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. मनोरुग्णास समाजात राहण्याचा हक्क असून कुटुंबाने नाकारले एवढ्यावरून त्याला संस्थेत ठेवता येणार नाही. अर्धमार्ग निवास व घरपोच पुनर्वसन यांची व्यवस्था शासनाने करावी. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा न करता मदत द्यावी, या त्यातील ठळक तरतुदी होत. १८५८ च्या कायद्याने समाजाला रुग्णापासून संरक्षण दिले होते. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला समाजाकडे मागणी करण्याचा हक्क दिला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या दूरध्वनी सेवेने (क्रमांक १४४१६) घरबसल्या सल्ला मिळण्याची सोय झाली.

परदेशांतील अनुभव : इटलीत १९७८ च्या कायद्याने मनोरुग्णालये बंद करण्यास प्रारंभ झाला व त्यांच्या जागी वस्तीतील केंद्रे उभी राहिली. अमेरिकेत १९६३ च्या कायद्यानंतर रुग्णालये झपाट्याने रिकामी झाली. परंतु वस्तीतील केंद्रे पुरेशी न निघाल्याने अनेक रुग्ण रस्त्यावर वा तुरुंगात गेले. फिलाडेल्फिया शहरातील मोठे शासकीय मनोरुग्णालय १९९० मध्ये बंद झाले व त्या शहराने पुढे शाळा, प्रार्थनास्थळे व सार्वजनिक भित्तिचित्रे यांसारख्या माध्यमांतूनही लोकसमूहाच्या मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आखला. न्यूयॉर्कने २०१५ मध्ये असाच व्यापक कार्यक्रम हाती घेतला; तेव्हा सौम्य ताणाच्या सर्वसाधारण कामात तीव्र विकाराचे रुग्ण मागे पडतात, अशी टीका त्यावर झाली. भिंती पाडण्यापूर्वी घरे बांधावीत आणि सर्वांचा विचार करताना सर्वाधिक पीडितांस विसरू नये, हे दोन निष्कर्ष या अनुभवांतून निघतात.

मूल्यमापन : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या व त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होत्या. कौटुंबिक समस्या व आजारपण ही नोंदींतील प्रमुख कारणे होत. १८९२ मध्ये ‘गांजा’ हा शब्द ज्या सहजतेने नोंदविला जाई, त्याच सहजतेने आज ही कारणे नोंदविली जातात काय, याचा शोध घेणे आवश्यक आहे. त्यासाठी महाराष्ट्राचे स्वतंत्र व नियतकालिक सर्वेक्षण, प्रत्येक नागरी आरोग्य केंद्राकडे निश्चित वस्तीची जबाबदारी, प्रशिक्षित समुपदेशकांची कायम पदे, औषधांचा अखंड पुरवठा आणि बऱ्या झालेल्यांसाठी निवास या गोष्टी अगत्याच्या ठरतात.

चार मनोरुग्णालयांची आवश्यकता संपलेली नाही. तीव्र अवस्थेतील रुग्णास आश्रय लागतोच. परंतु त्यांचे यश यापुढे भरलेल्या खाटांवरून नव्हे, तर घरी परतून तेथेच टिकून राहिलेल्या माणसांच्या संख्येवरून मोजावे लागेल. ती संख्या सांगणारी नोंदवही अद्याप कोणत्याही शहराने ठेवलेली दिसत नाही. नागरी मानसिक आरोग्यसेवेच्या पुढील इतिहासाचा आरंभ तिच्यापासून व्हावयास हवा.